ऑनलाइन वर्गात हातचं राखून शिकवणं: कसं ओळखायचं, कसं थांबवायचं

एक्सेलच्या ऑनलाइन वर्गात व्हीलुकअप, म्हणजे कोडवरून दुसऱ्या यादीतली माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला, शिकवायला वीसेक मिनिटं लागतात. सर स्वतः बनवलेली फाइल उघडतात, फॉर्म्युल्याचे चार भाग सांगतात, एंटर मारतात आणि समोर पगाराचा आकडा हजर. चॅटमध्ये अंगठे पडतात. दुसऱ्या दिवशी शिकणारा आपल्या ऑफिसच्या फाइलवर तोच फॉर्म्युला लावतो, तर निम्म्या ओळींत हॅश एनए, म्हणजे 'सापडलं नाही'. ग्रुपवर विचारलं की उत्तर येतं, "तुमचा डेटा क्लीन नाहीये. ते आपण ॲडव्हान्स बॅचमध्ये घेतो."

इथे नेमकं काय राखलं गेलं ते बघू. खऱ्या फाइलवर व्हीलुकअप फसतो त्याची नेहमीची कारणं चारच आहेत.

पहिलं, रेंज लॉक केलेली नसते. फॉर्म्युला खाली ओढला की रेंजही एकेक ओळ खाली सरकते, आणि ज्यांची नोंद वर राहिली ते सापडत नाहीत. रेंजवर कर्सर ठेवून एफ४ दाबलं, काही लॅपटॉपवर एफएन धरून एफ४, की डॉलरची चिन्हं लागतात आणि रेंज जागची हलत नाही.

दुसरं, कोडच्या मागे एक स्पेस चिकटलेली असते. डोळ्याला दिसत नाही. ट्रिम लावलं की जाते. पण डेटा वेबसाइटवरून कॉपी केलेला असेल तर ती साधी स्पेस नसून १६० क्रमांकाचं कॅरॅक्टर असतं आणि ट्रिम त्याला हात लावत नाही. तिथे सबस्टिट्यूटमध्ये कॅर १६० देऊन ते उडवावं लागतं.

तिसरं, एका शीटमध्ये नंबर हा नंबर असतो आणि दुसऱ्यात टेक्स्ट. सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो तो बहुतेकदा यासाठीच. कॉलम सिलेक्ट करून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स आणि थेट फिनिश, एवढ्याने काम होतं.

चौथं, फॉर्म्युल्याचा शेवटचा भाग, म्हणजे शून्य किंवा फॉल्स, टाकायचा राहतो. तो गाळला तर एक्सेल 'जवळपासचं चालेल' असं समजून चालतं, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर भलतंच उत्तर देऊ शकतं.

हे सगळं फाइलवर करून दाखवायला पंधरा मिनिटं पुरतात. नाही दाखवलं तर शिकणाऱ्याच्या दोन-तीन रात्री जातात. चौथ्या कारणात तर चूक झाली हेही कळत नाही, कारण एरर येईलच असं नाही. एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा पगार येतो आणि शीट तशीच साहेबांच्या टेबलावर जाते.

पंधरा मिनिटांचा हा हिशेब डोक्यात ठेवून पुढचं वाचा. बहुतेक मजकूर ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांसाठी आणि वर्ग चालवणाऱ्या संस्थांसाठी आहे. शेवटी थोडं शिकणाऱ्यांसाठीही आहे.

राखणं किती तऱ्हेचं

कॅनडातल्या चार संशोधकांनी २०१२ साली ऑफिसातले सहकारी एकमेकांपासून माहिती कशी दडवतात यावर लिहिताना तीन प्रकार मांडले. अभ्यास प्रशिक्षकांचा नव्हता, तरी प्रकार वर्गात जसेच्या तसे भेटतात.

एक म्हणजे टोलवणं. "पुढच्या सेशनला घेऊ," आणि पुढचं सेशन येतच नाही. किंवा विचारलं एक आणि उत्तर दिलं दुसऱ्याच, सोप्या प्रश्नाचं. दुसरा, वेड पांघरून पेडगावला जाणं. "असा एरर मी तरी कधी पाहिला नाही बुवा." तिसरा, कारण पुढे करून नकार देणं: "संस्थेची पॉलिसी आहे," "ती क्लायंटची फाइल आहे." हा तिसरा दर वेळी खोटा नसतो. क्लायंटची फाइल खरंच देता येत नाही, आणि तसं सरळ सांगितलं तर शिकणाऱ्याचंही फारसं बिघडत नाही. पहिल्या दोन प्रकारांनी विश्वास जातो.

यात चौथा प्रकार आम्ही जोडतो, कारण प्रत्यक्षात तोच सगळ्यात जास्त दिसतो: हाताला सवय झाल्यामुळे न सांगितलं जाणं. एफ४ दाबलं हे सरांच्या लक्षातही नसतं. बोट आपोआप गेलेलं असतं. त्यात लबाडी नाही, कंजूषपणाही नाही. शिकणाऱ्याच्या पदरात मात्र दोन्हीकडून सारखंच पडतं, म्हणजे काहीच नाही. म्हणून ही गळती, म्हणजे न सांगितल्या गेलेल्या पायऱ्या, शोधताना आधी हेतूवर जाऊ नका. प्रशिक्षकाला "तुम्ही लपवता" म्हटलं की तो बचावाला उभा राहतो आणि साधी गाळलेली पायरीही पुढे सापडत नाही.

पडद्यावर जास्त का लागतं

खोड जुनी आहे. संगीतात घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून अनेक उस्ताद ती हात राखूनच देत. विष्णु नारायण भातखंडे यांनी ठिकठिकाणी फिरून अशा बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि छापल्या, तेव्हा कुठे त्या घराण्याबाहेरच्या माणसाच्या हाती लागल्या. पण गुरूच्या घरी राहणाऱ्या शागिर्दाच्या कानावर दिवसभर रियाज पडत असे, त्यामुळे न दिलेलंही थोडं झिरपायचं. भरवर्गातही तेच होतं. शेजारच्याच्या स्क्रीनवर नजर जाते, सरांचा हात कळफलकावर कुठे गेला ते दिसतं, सुटल्यावर टपरीवर चहा घेताना कुणीतरी सांगतं, "अरे, डॉलर लाव ना."

झूमवर झिरपायला जागा नाही. पडद्यावर जे दिसलं आणि तोंडाने जे बोललं गेलं तेवढंच पोचतं. त्यातून ग्रुपवर 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग असेल तर शिकणारे एकमेकांनाही सांगू शकत नाहीत. रेकॉर्डिंग सात दिवसांत बंद होतं. नोट्स डाउनलोड होत नाहीत. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण सगळ्या मिळून अडलेल्या माणसाचे सगळे रस्ते बंद करतात.

थकवा कोणत्या क्रमाने चढतो

बर्नआउट हा शब्द हल्ली नुसत्या दमण्यालाही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची जी व्याख्या मान्य केली ती कामाच्या जागेपुरती आहे आणि तिथेही तो आजार म्हणून नोंदलेला नाही. पण त्यात सांगितलेल्या तीन खुणा, म्हणजे पार गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, विद्यार्थ्यांमध्येही मोजल्या जातात. त्यासाठीची प्रश्नावली २००२ पासून वापरात आहे.

नोकरी करून रात्री नऊ ते साडेदहा वर्गाला बसणाऱ्या माणसात या खुणा साधारण अशा दिसत जातात. पहिल्या आठवड्यात प्रश्न भरपूर येतात आणि थेट येतात. दोनदा टोलवलं गेलं की प्रश्नाआधी माफी येते: "सॉरी सर, बेसिक प्रश्न आहे." ही माफी पहिली खूण समजा, पुष्कळजण ती नम्रता समजून सोडून देतात. मग कॅमेरा बंद. मग "रेकॉर्डिंग बघतो नंतर." मग असाइनमेंट मुदतीच्या दहा मिनिटं आधी येते आणि तिघांच्या फाइलमध्ये चूक एकाच सेलमध्ये असते. शेवटी सगळं शांत. प्रश्न नाहीत, तक्रार नाही, हजेरी मात्र पूर्ण, कारण फोन लॉगइन करून ओट्यावर ठेवलेला असतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजणं चालू असतं.

म्हणून नुसत्या हजेरीवरून सहभाग ठरवू नका. सहभागाचे तीन पदर असतात: अंगाने हजर असणं, मनाने वर्ग आपला वाटणं, आणि डोकं खरंच लावणं. ज्ञान राखल्याने आधी दुसरा पदर सुटतो, मग तिसरा. पहिला शेवटपर्यंत टिकतो, सर्टिफिकेटसाठी.

मेहनतीचा शीण एका झोपेत जातो. आपण कुठवर अडकून राहणार आहोत, मदत येणार की नाही, हे माहीत नसताना घातलेले तास मात्र साचत जातात, आणि त्यातून माणूस निष्कर्ष काढतो तो स्वतःबद्दल: बाकीच्यांना जमतंय, मलाच जमत नाही. बाकीच्यांनाही जमत नसतं. पण सगळ्यांचेच कॅमेरे बंद असतात.

गळती शोधण्याची चाचणी

वेळ साधारण दोन तास. लागणारं साहित्य: तुमच्या एखाद्या सेशनच्या रेकॉर्डिंगमधली वीस मिनिटं, आणि तो विषय न येणारी पण कॉम्प्युटर चालवता येणारी एक व्यक्ती. घरातलं माणूस चालेल, पण तुमचा जुना विद्यार्थी नको.

त्या व्यक्तीला रेकॉर्डिंग लावून द्या आणि तुमच्या सरावाच्या फाइलऐवजी एखादी खरी, मळकी फाइल द्या. ती फक्त तुमच्या रेकॉर्डिंगमधल्या शब्दांवर काम करेल. तुम्ही शेजारी बसा आणि तोंड उघडू नका. हे फार जड जातं. हातात पेन ठेवा. ती जिथे थांबेल तिथली वेळ लिहा आणि पुढे तीनपैकी एक खूण करा: 'बोललो नाही', 'बोललो पण दिसलं नाही', 'मुद्दाम टाळलं'. तिसरी खूण करताना स्वतःशी खरं बोला, कागद कुणाला दाखवायचा नाहीये.

पहिल्या दोन खुणांचा इलाज स्वस्त आहे. दाबलेली प्रत्येक कळ तोंडाने म्हणा: "आता एफ४ दाबलं, डॉलर आले बघा." दाबलेल्या कळा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारी छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यातलं एक टाकून घ्या. स्क्रीन शेअर करताना एक्सेलच्या शीटचं झूम १५० टक्क्यांवर ठेवा, कारण पुष्कळ लोक मोबाइलवर बघत असतात आणि त्यांना तुमच्या सेलमधला फॉर्म्युला मुंगीएवढा दिसतो.

मग गेल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. 'एक्सपोर्ट चॅट' करून, मीडियाशिवाय, ती टेक्स्ट फाइल काढा. नुसते प्रश्न वेगळे करा आणि प्रत्येकापुढे लिहा: पूर्ण उत्तर, अर्धं उत्तर, 'पुढे घेऊ', किंवा काहीच नाही. 'पुढे घेऊ' म्हटलेल्यांपुढे ते खरंच कधी घेतलं त्याची तारीख शोधा. बऱ्याच ठिकाणी तारीख सापडणार नाही. हे सगळं एका रविवारच्या सकाळचं काम आहे, आणि पुढच्या बॅचचा अर्धा अभ्यासक्रम त्यातूनच हाताला लागतो.

केकच्या वर्गातलं उदाहरण

गळती कशी दिसते ते दुसऱ्या एका धंद्यात बघू, कारण तिथे ती वाटीने मोजता येते. ऑनलाइन बेकिंगच्या वर्गात मिळणाऱ्या पीडीएफमध्ये पुष्कळदा असं असतं: मैदा १ वाटी, दही अर्धी वाटी, सोडा पाव चमचा, ओव्हन गरम करून ३५ मिनिटं.

कुठली वाटी? आमटीची वाटी साधारण दीडशे मिलीची असते, बेकिंगचा कप २४० मिलीचा. कपभर मैदा साधारण १२० ते १३० ग्रॅम भरतो. टिन केवढा? ६ इंची गोल टिनचं तळ सुमारे २८ चौरस इंच, ८ इंचीचं ५०. तेच मिश्रण मोठ्या टिनमध्ये ओतलं की थर जवळपास निम्म्यावर येतो, ३५ मिनिटांत कडा करपतात आणि मधला भाग बिस्किटासारखा होतो. दही आणि सोडा एकत्र आले की तिथेच बुडबुडे सुटायला लागतात, म्हणून मिश्रण झाल्याझाल्या ओव्हनमध्ये जायला हवं. फोटो काढत दहा-पंधरा मिनिटं थांबलं तर फुगण्याची ताकद वाडग्यातच खर्च होते. पीडीएफमध्ये यातलं काही नसतं. केक बसला की ग्रुपवर उत्तर मिळतं, "ताई, तुमचा मैदा चांगला नसेल. माझ्याकडचं प्रीमिक्स मागवा."

प्रीमिक्स विकण्यात गैर काही नाही. वर्गाच्या जाहिरातीत 'शून्यापासून केक शिका' लिहायचं आणि प्रमाण प्रीमिक्सच्या पाकिटात बंद ठेवायचं, हे गैर आहे. बाईंनी तीन केक टाकून दिलेले असतात, घरच्यांचे टोमणे ऐकलेले असतात, आणि दोष मैद्याचा की आपला हेही कळलेलं नसतं.

राखीव यादी

सगळंच पहिल्या दिवशी ओतायचं असंही नाही. काही गोष्टी राखाव्याच लागतात. फक्त त्या लिहून राखायच्या. एका शीटमध्ये चार कॉलम करा: काय राखलं, का, कोणत्या तारखेला देणार, आणि तोवर शिकणाऱ्याने कशावर काम चालवायचं.

'का'च्या कॉलममध्ये आम्ही चारच कारणं मान्य करतो. आधी स्वतः झटापट केल्याने जास्त पक्कं बसेल. त्याआधी दुसरं काही यायला हवं. चुकीने केलं तर इजा किंवा पैशाचं नुकसान होईल. किंवा ती गोष्ट तुमची नाहीच. क्लायंटची, दुसऱ्या लेखकाची आहे. 'सगळं दिलं तर पुढच्या कोर्सला कोण येणार' हे कारण कॉलममध्ये लिहायला गेलं की पेन अडखळतं, आणि यादी करायची ती त्यासाठीच. तसं असेल तर तो भाग पुढच्या कोर्सचा आहे हे फी घेण्याआधी जाहीर सांगा. 'या कोर्समध्ये काय नाही' अशा मथळ्याखाली चार ओळी. हे लिहिल्याने प्रवेश कमी होतील अशी भीती असते. थोडे होतीलही. पण ग्रुपवर रात्री साडेअकराला होणारी भांडणं बरीच थांबतात.

तारखेचा कॉलम रिकामा ठेवू नका. तारीख नसलेलं 'पुढे घेऊ' आणि नकार यांत शिकणाऱ्याच्या लेखी फरक नसतो. "हे १४ तारखेच्या सेशनला, पहिल्या वीस मिनिटांत," असं सांगितलं तर तोच माणूस शांतपणे थांबतो.

झटापट करू द्यायची ती कशी

"आम्ही मुद्दाम उत्तर देत नाही, स्वतः शोधलं की लक्षात राहतं," असं सांगणारे प्रशिक्षक पुष्कळ. म्हणण्यात तथ्य आहे. आधी अडखळून मग शिकलेलं जास्त टिकतं असं दाखवणारं बरंच संशोधन आहे. पण त्या प्रयोगांत अडखळल्यानंतर शिकवलं जातं; शिक्षक लॉगआउट करून जात नाही. हा उत्तरार्ध गाळला की उरतं ते नुसतं टोलवणं, वर शास्त्राचा मुलामा.

व्हीलुकअपच्या स्पेसची अडचण घेऊन करून दाखवू. फाइल द्या, एकूण वेळ सांगा: वीस मिनिटं, आणि घड्याळ पडद्यावर लावा. पहिली सात मिनिटं काही बोलू नका. सातव्या मिनिटाला पहिला इशारा: "दोन्ही शीटमधल्या कोडला लेन लावून बघा." लेन अक्षरं मोजतो. कोड सहा अक्षरांचा आहे, एका शीटमध्ये ६ येतील, दुसऱ्यात ७. बाराव्या मिनिटाला दुसरा: "सातवं अक्षर दिसत नाही, म्हणजे ते काय असेल? रायट लावून शेवटचं एकच अक्षर वेगळं काढा." सोळाव्या मिनिटाला ट्रिम स्वतः लावून दाखवा, आणि लगेच वेबसाइटवरून कॉपी केलेला कोड देऊन ट्रिम हरतं तेही दाखवा. विसाव्या मिनिटाला सोडवलेली फाइल चॅटमध्ये गेलेली असली पाहिजे. त्याच सेशनमध्ये, "उद्या टाकतो" नाही.

या वीस मिनिटांत ज्याला सातव्या मिनिटाआधीच सापडलं त्याने ग्रुपवर उत्तर टाकू नये, तुम्हाला खासगीत पाठवावं, एवढा नियम आधी सांगून ठेवा. नाहीतर तीन हुशार लोक बाकी सत्तावीस जणांची झटापट संपवून टाकतात.

उलट टोकाची चूकही होते. कुणी तक्रार केली म्हणून सर चिडून ८० पानांची पीडीएफ आणि ४० लिंक ग्रुपवर टाकतात. "घ्या, सगळं दिलंय." यात पाहिजे ते वाक्य एकोणसाठाव्या पानावर असतं. ढिगाखाली पुरणं हेही राखणंच. प्रत्येक सेशनला एक पान द्या: आजच्या पायऱ्या, नेहमीच्या तीन चुका, आणि प्रत्येक चुकीपुढे ती कशी ओळखायची.

प्रशिक्षक का राखतो

इथे संस्थांनी जरा आरशात बघावं. तासावर पैसे घेणाऱ्या प्रशिक्षकाला माहीत असतं की त्याचं रेकॉर्डिंग पुढच्या तीन बॅचला चालवलं जाणार आहे आणि त्याला त्याचा रुपया मिळणार नाही. नोट्सवर त्याचं नाव काढून संस्थेचा लोगो लागणार आहे. असा माणूस हातचं राखणारच. त्याला 'शेअरिंग कल्चर'वर भाषण दिलं तर तो टोलवणं सोडून वेड पांघरायला लागतो, आणि ते पकडणं जास्त अवघड.

करारात चार ओळी घाला. रेकॉर्डिंग त्याच बॅचपुरतं. पुन्हा वापरलं तर दर वापरामागे ठरलेली रक्कम. नोट्सवर बनवणाऱ्याचं नाव. आणि शंका सोडवण्याच्या वेळेचे वेगळे पैसे. ही शेवटची ओळ सगळ्यात जास्त फरक पाडते. बरेच प्रशिक्षक कंजूष नसतात, दमलेले असतात. साठ जण रात्री अकरानंतर खासगी मेसेज करतात, प्रश्न तोच, उत्तर साठ वेळा. काही दिवसांनी तोही "पुढे घेऊ" म्हणायला लागतो. बर्नआउट त्याचाही होतो आणि तो खाली झिरपतो.

यावरची घडी अशी बसवा. खासगी मेसेजवर शंका घ्यायची नाही. ग्रुपवर किंवा एका सामायिक शीटमध्ये विचारायची. आठवड्यातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास, ठरलेल्या वाराला, फक्त शंका. ज्याला ग्रुपवर विचारायला संकोच वाटतो त्याच्यासाठी नाव न घेणारा फॉर्म ठेवा. उत्तर एकदाच लिहायचं, शीटमध्ये, आणि पुढच्या बॅचला तीच शीट पहिल्या दिवशी द्यायची. उत्तर येत नसेल तर "मला आत्ता माहीत नाही, गुरुवारी रात्री नऊपर्यंत शीटमध्ये टाकतो," एवढं म्हणा. माहीत नाही म्हटल्याने मान जात नाही. गुरुवारी टाकलं नाही तर जाते.

दर आठवड्याला तीन प्रश्न

लांबलचक फीडबॅक फॉर्म कोणी भरत नाही. दर शुक्रवारी तीन प्रश्न, नाव न विचारता, शून्य ते सहा असे आकडे: या आठवड्यात अडलो तेव्हा उत्तर मिळेल अशी खात्री होती का, सेशन संपल्यावर किती गळून गेल्यासारखं वाटलं, पुढचं मला जमेल असं वाटतं का. एकेका आठवड्याच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका, दिवाळीच्या आठवड्यात सगळेच दमलेले असतात. पहिल्या प्रश्नाचा आकडा सलग दोन आठवडे घसरला तर मात्र राखीव यादी उघडा आणि कोणती तारीख चुकली ते बघा. आमच्या मते या तीनांत पहिला प्रश्नच कामाचा आहे; तो घसरला की बाकीचे दोन पुढच्या आठवड्यांत त्याच्या मागोमाग बिघडतात.

शिकणाऱ्यांसाठी

प्रश्न असा विचारा की तो टोलवता येणार नाही. "व्हीलुकअप चालत नाही" याला "नीट बघा" हे उत्तर मिळतं. त्याऐवजी: काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि फॉर्म्युला बार दिसेल असा स्क्रीनशॉट. त्यात खऱ्या लोकांची नावं, पगार असतील तर आधी झाका. 'पुढे घेऊ' आलं तर "का नाही" असं न विचारता "कोणत्या तारखेला घेऊ?" एवढंच विचारा, आणि तेही ग्रुपवर.

रोज रात्री अडण्यासाठी कमाल वेळ ठरवून घ्या, समजा ४५ मिनिटं. तेवढ्यात सुटलं नाही तर कुठे अडलं ते दोन ओळींत लिहा आणि झोपा. बॅचमधल्या तिघा-चौघांचा वेगळा छोटा ग्रुप करा, वर्गाच्या ॲडमिनशिवायचा. आपल्यालाच जमत नाही हा गैरसमज तिथे पहिल्या दिवशी फिटतो.

आणि जाहिरातीत लिहिलेलं शिकवलंच गेलं नाही, तर ती जाहिरात, फीची पावती आणि टोलवलेल्या प्रश्नांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आधी संस्थेला लेखी विचारा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पुन्हा चाचणी

दोन महिन्यांनी वीस मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग घेऊन दोन तासांची चाचणी परत करा आणि थांबण्याच्या जागा मोजा. 'बोललो नाही'च्या खुणा भराभर कमी झालेल्या दिसतील. 'मुद्दाम टाळलं'च्या हळू कमी होतात, त्यांच्यासमोर राखीव यादीतली तारीख आहे का एवढं बघा. चाचणीला माणूस मात्र नवा शोधा. पहिल्या वेळी बसवलेल्या वहिनींना आता एफ४ पाठ झालेलं असतं.